डिझाइनचे सिद्धांत आणि संशोधन रोजच्या कामात नेमके कुठे बसवायचे?

कच्चा_आराखडा:

चार डिझायनरांची टीम, वेगळा संशोधक नाही, कामाचा फेरा दोन आठवड्यांचा. मोठे फॉर्म, याद्या, डॅशबोर्ड आणि थोडं मोबाइल ॲप असं काम. रिव्ह्यूमध्ये सिद्धांतांची नावं भरपूर ऐकू येतात, पण डिझाइन पक्कं झाल्यावर, आपली बाजू लढवायला. "मेनूत नऊ गोष्टी आहेत, सातच हव्यात." "पर्याय कमी करा, हिकचा नियम आहे." "पाच जणांवर तपासलं, पुरे झालं." समोरचा तेवढ्याच ठामपणे दुसरा नियम काढतो आणि शेवटी ज्याचा आवाज चढा त्याचं खरं होतं.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१. कुठल्या टप्प्यावर कुठलं संशोधन खरोखर उपयोगी पडतं?
२. एखाद्या पेपरमधला निष्कर्ष आपल्या कामाला लागू आहे की नाही, हे कसं ठरवायचं?
३. श्योन, रिटेल, "डिझाइनमधून संशोधन" वगैरे जे मोठे सिद्धांत आहेत, त्यांचा डेडलाइन असलेल्या माणसाला काही उपयोग आहे का, की ते विद्यापीठातच बरे?

पुस्तकांची यादी नको. उद्या सकाळी कामात काय बदलायचं, ते सांगा.

---

मोजपट्टी:

तुमची तिन्ही उदाहरणं एकाच जातीची आहेत. आकडा लक्षात राहिला, अट गळून पडली. प्रयोगातून आलेला नियम नेहमी "अशा माणसांना, असं काम देऊन, अमक्याच्या तुलनेत" एवढ्यापुरताच खरा असतो. पहिली दोन घेतो, आणि त्यांच्या जोडीला फिट्सचा नियम.

मिलर, १९५६. सात अधिक-उणे दोन हा आकडा येतो तो मुख्यतः नुकतेच ऐकलेले अंक किंवा शब्द लगेच परत म्हणून दाखवण्याच्या कामातून. मेनू डोळ्यांसमोर असतो, तो कुणी पाठ करत नाही, म्हणून मेनूतल्या ओळींच्या संख्येशी या आकड्याचा संबंध नाही. संबंध कुठे येतो? एका पडद्यावरचा क्रमांक दुसऱ्या पडद्यावर टाइप करायचा असेल तिथे. फोनवर बोलून ऐकवलेल्या पर्यायांत. दोन योजनांची तुलना दोन वेगळ्या पानांवर करायला लावली असेल तिथे. आणि तिथेही सात धरून चालू नका. मनात घोकायची किंवा गट पाडायची सोय काढून घेतली की क्षमता चारच्या आसपास येते, असं कोवनने २००१ मध्ये मांडलं. कामाची तपासणी सोपी आहे: प्रत्येक पडद्यापाशी विचारा, "पुढे जाताना वापरणाऱ्याला काय डोक्यात धरून न्यावं लागतंय?" उत्तर शून्य नसेल तर ती माहिती पुढच्या पडद्यावर दाखवा. ओळी मोजत बसण्यापेक्षा यातून जास्त हाती लागतं.

हिक (१९५२) आणि हायमन (१९५३). ठरावीक दिवा लागला की ठरावीक कळ दाबायची, अशा सरावाच्या कामात पर्याय वाढले की वेळ लॉगच्या हिशेबाने वाढतो. म्हणजे पर्याय दुप्पट झाले तर वेळ दुप्पट होत नाही, एका ठरावीक तुकड्याने वाढतो. अट अशी की कुठला पर्याय कुठे आहे हे माणसाला आधीच माहीत हवं. नवखा माणूस मेनू वरून खाली वाचत जातो. तिथे वेळ जवळपास ओळींच्या संख्येप्रमाणे सरळ वाढतो आणि शब्द कसे निवडलेत, क्रम काय लावलाय, यावर सगळं ठरतं.

गंमत म्हणजे, रिव्ह्यूमध्ये या नियमाच्या नावाखाली जे सुचवतात ते बहुधा नियमाच्या उलटच असतं. १६ पर्यायांचे चार-चारचे चार गट करून उपमेनू केले, तर हिशेब काय होतो? एकदम १६ मधून निवडायला ४ बिट (एक बिट म्हणजे दोनांतून एक निवड). आधी ४ मधून, मग पुन्हा ४ मधून निवडायला २ + २ = ४ बिट. निवडीचा वेळ कमी झाला नाही, वर एक क्लिक वाढली. गट पाडावेत, पण ते नवख्याला शोधायला सोपं जावं म्हणून, आणि शक्यतो एकाच पडद्यावर, शीर्षकं देऊन.

फिट्स, १९५४. बटणापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे सांगणारा हा नियम मात्र खरोखर हिशेब करून वापरण्यासारखा. आजकाल वापरतात ते रूप असं: वेळ = क + ख × लॉग₂(अंतर ÷ रुंदी + १). क आणि ख हे साधनाप्रमाणे मोजून काढायचे स्थिरांक. कर्सरपासून बटण ३०० पिक्सेल दूर आणि २० पिक्सेल रुंद असेल तर लॉग₂(१६) = ४ बिट. तेच बटण ६० पिक्सेल केलं तर लॉग₂(६) = २.५८ बिट. समजा माउसवर एका बिटाला ०.१ सेकंद लागतो, तर वाचले सुमारे ०.१४ सेकंद. वर्षातून एकदा दाबायच्या बटणासाठी या आकड्यावर वाद घालू नये. दिवसाला ५०० वेळा तेच बटण दाबणाऱ्या डेटा एंट्रीवाल्याचे ७० सेकंद वाचतात, तेही फार नाही. खरा फायदा नेम चुकण्याचं प्रमाण घटतं त्यात आहे, कारण चुकून शेजारचं "रद्द करा" दाबलं गेलं की सेकंद नाही, पाच मिनिटं जातात.

टचस्क्रीनवर पिक्सेल सोडून मिलिमीटरमध्ये विचार करा. पार्ही, कार्लसन आणि बेडरसन यांच्या २००६ च्या अभ्यासात एका हातात फोन धरून अंगठ्याने वापरताना सुट्या बटणाला ९.२ मिमी आणि लागोपाठ दाबायच्या बटणांना ९.६ मिमी पुरेसे ठरले. अँड्रॉइडचा एक डीपी म्हणजे नाममात्र इंचाचा १६०वा भाग. म्हणजे नेहमीचे ४८ डीपी भरतात ७.६ मिमी, आणि ९.२ मिमी हवे असतील तर साधारण ५८ डीपी लागतात. म्हणून ४८ ही सगळीकडे चालणारी जादू नव्हे. मुख्य कृतीला आणि पडद्याच्या दूरच्या कोपऱ्यातल्या बटणाला जास्त द्या. डब्ल्यूसीएजी २.२ (वेब सर्वांना वापरता यावं यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं) मधला २४ × २४ सीएसएस पिक्सेलचा निकष हा तर तळ आहे. त्याखाली गेलात तर शेजारच्या बटणापासून पुरेसं अंतर ठेवण्यासारखे मोजके अपवादच चालतात. वरच्या पातळीचा निकष ४४ × ४४ चा आहे. आणि "पडद्याची कड म्हणजे अमर्याद रुंदी" हे माउसपुरतं खरं आहे, कारण कर्सर कडेला अडतो. बोटाला कुणी अडवत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. पेपर उघडला की सारांशावरून थेट प्रयोगाच्या पद्धतीच्या भागाकडे जा आणि चार गोष्टी लिहून काढा: माणसं कोण होती (नवखी की सरावलेली), काम काय होतं, तुलना कशाशी केली, आणि मोजलं काय (वेळ, चुका, की पसंती). मग त्याच चार ओळी आपल्या कामासाठी लिहा. दोन किंवा जास्त ओळी जुळत नसतील तर तो निष्कर्ष "पुरावा" म्हणून वापरू नका, "तपासून पाहण्यासारखी कल्पना" म्हणून घ्या. तुलनेची ओळ बहुतेक जण सोडतात आणि घात तिथेच होतो. नवी मांडणी "चांगली" ठरलेली असते ती एखाद्या मुद्दाम गचाळ मांडणीच्या तुलनेत.

---

निरीक्षण_वही:

मोजपट्टींशी सहमत. "पाच जण पुरे" याबद्दल मी लिहिते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याने होतं.

त्यामागचं गणित नील्सन आणि लँडाउअर यांचं, १९९३ चं: सापडलेल्या अडचणींचं प्रमाण = १ − (१ − ल)ⁿ. इथे ल म्हणजे एक अडचण एका माणसाकडून उघड होण्याची शक्यता आणि न म्हणजे माणसं. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत ल ची सरासरी ३१% निघाली, म्हणून पाच जणांत सुमारे ८५%. पण ल ही तुमच्या उत्पादनाची गोष्ट आहे, निसर्गनियम नव्हे. ल १०% असेल तर त्याच पाच जणांत ४१% अडचणीच दिसतात आणि ८५% गाठायला १८ जण लागतात. ढोबळ अडचणी काढून टाकलेल्या, जुन्या, घोटलेल्या उत्पादनात ल लहानच असतो. शिवाय पाच म्हणजे एका प्रकारचे पाच. फॉर्म भरणारा आणि तो मंजूर करणारा हे दोन प्रकार, म्हणजे दोन वेगळे गट.

दुसरी चूक: पाच जणांवरून टक्केवारी काढणं. पाचही जणांना काम जमलं, "यश १००%" असं स्लाइडवर गेलं. हिशेबाने ९५% विश्वासपातळीवर खरं प्रमाण ४८% इतकं खाली असू शकतं. त्यामुळे अशा चाचणीच्या अहवालात टक्के लिहूच नयेत. "चार जण पत्त्याच्या रकान्यापाशी थांबले, कारण पिनकोड आधी विचारलाय हे त्यांच्या लक्षात आलं नाही" असं लिहावं. कारण लिहिलं की दुरुस्ती सुचते. टक्का लिहिला की फक्त वाद होतो.

तिसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. एकच उत्पादन तपासणाऱ्या दोन तज्ज्ञांच्या अडचणींच्या याद्या एकमेकींशी किती जुळतात? हर्ट्झम आणि जेकबसन यांनी २००१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा हे प्रमाण ५% पासून ६५% पर्यंत आलं. नियमांची यादी घेऊन केलेली तपासणी असो, पडदा-पडदा चालत केलेली असो किंवा वापरणाऱ्याला मोठ्याने विचार करायला लावून केलेली, तिन्हींत हीच गत. म्हणून एकाच्या डोळ्यांवर भिस्त ठेवू नका. एकच रेकॉर्डिंग दोघांनी वेगवेगळं पाहायचं, बोलणं न करता आपापली यादी करायची, मग एकत्र बसायचं. दोन्ही याद्यांत आहे ते आधी दुरुस्त करायचं. एकाच यादीत आहे ते रेकॉर्डिंगमध्ये परत जाऊन पाहायचं.

दोन आठवड्यांत हे बसतं, असं:

पहिल्या दोन दिवसांत प्रश्न लिहा, एका वाक्यात, आणि उत्तर काय आलं तर डिझाइन बदलाल तेही लिहा. कुठल्याच उत्तराने काही बदलणार नसेल तर चाचणी रद्द करा, वेळ वाचेल. तिसऱ्या दिवसापासून माणसं शोधायला लागा. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, डिझाइन तयार होण्याची वाट पाहू नका. कामं चार किंवा पाच, त्यांच्या वाक्यांत बटणावरचा शब्द येता कामा नये. बटणावर "परतावा" लिहिलंय आणि कामाच्या वाक्यातही "परतावा मिळवा" असेल, तर तुम्ही फक्त वाचन तपासताय. "वस्तू फुटकी आली, पैसे परत हवेत" असं लिहा. सहाव्या दिवशी एका माणसावर रंगीत तालीम, त्यात हमखास एक काम अर्थहीन निघतं. सातव्या-आठव्या दिवशी पाच जण, प्रत्येकी ४५ मिनिटं, मध्ये १५ मिनिटांची फट, कारण त्या फटीत लिहिलेलं टिपणच पुढे उपयोगी पडतं. नवव्या दिवशी वर सांगितलेलं दोघांचं मेळ घालणं. दहावा दुरुस्तीला.

मोजमाप हवंच असेल तर एसयूएस ही वापरसुलभतेची प्रश्नावली घ्या: दहा विधानं, १ ते ५ गुण. विषम विधानांतून १ वजा करायचा, सम विधानं ५ मधून वजा करायची, बेरीज गुणिले २.५. मोठ्या संग्रहांत सरासरी ६८ च्या आसपास येते. म्हणजे ७० मिळाले तर तुम्ही सरासरीला आहात. तो सत्तर टक्के नव्हे. ठरलेली चूक म्हणजे सम विधानं न उलटवता बेरीज करणं. गुण कमी आला तर का कमी आला, हे मात्र त्यातून कधीच कळत नाही.

आणि ए/बी टेस्टची (दोन गटांना दोन वेगळी रूपं दाखवून तुलना करण्याची) भाषा सुरू होण्याआधी हा ढोबळ हिशेब करा: प्रत्येक गटात लागणारी माणसं ≈ १६ × प × (१ − प) ÷ फरकाचा वर्ग. इथे प म्हणजे आत्ताचं प्रमाण. आत्ता ५% लोक फॉर्म पूर्ण करतात आणि ६% झाले तर ते ओळखता यावं, अशी इच्छा असेल तर १६ × ०.०५ × ०.९५ ÷ ०.०००१ = ७,६०० प्रत्येकी. दोन गट मिळून १५,२००. रोज ३०० जण येत असतील तर पन्नासहून जास्त दिवस. दोन आठवड्यांच्या फेऱ्यात हे बसत नाही, तेव्हा नाद सोडा.

---

तिसरा_पर्याय:

वरचे दोन्ही प्रतिसाद वापरणाऱ्याबद्दलच्या संशोधनावर आहेत. माझ्या मते तुमच्या टीमला त्याहून लवकर फायदा होईल तो डिझायनर कसं काम करतात यावरच्या संशोधनाचा. तिथे "हे आम्हाला लागू आहे का" ही शंका कमी, कारण अभ्यासलेली माणसं आपल्यासारखीच आहेत, काम आपल्यासारखंच आहे.

यान्सन आणि स्मिथ, १९९१. डिझाइन करायला बसण्याआधी एका गटाला नमुना दाखवला, दुसऱ्याला नाही. नमुना पाहिलेल्यांच्या चित्रांत त्या नमुन्याचे गुणविशेष जास्त उतरले, दोषांसकट. न सांडणाऱ्या कपाच्या प्रयोगात तर सूचनेतच नळी नको असं होतं, आणि दाखवलेल्या नमुन्यात नळी होती. तरी नळ्या आल्याच. म्हणजे "यातलं वाईट घेऊ नका" असं सांगून भागत नाही. कामात बदल असा: ब्रीफ (काय करायचंय याची मागणी) मिळाल्यावर पहिला अर्धा तास स्पर्धकांचे पडदे बंद. आधी गरजांची यादी, मग प्रत्येकाची कागदावर किमान तीन रेखाटनं, मग संदर्भ उघडा. संदर्भ पाहायचेच असतील तर एकमेकांपासून दूरचे निवडा. एकाच साच्यातले दहा पाहिले काय आणि एक पाहिला काय, सारखंच.

डाऊ आणि सहकारी, २०१०. जाहिरातींची चित्रं करायला लावली. एका गटाने एकेक चित्र करून प्रत्येकावर अभिप्राय घेतला. दुसऱ्याने काही चित्रं एकदम करून त्यांच्यावर एकत्र अभिप्राय घेतला. चित्रं तितकीच, अभिप्राय तितकाच, फरक फक्त क्रमाचा. एकत्र करणाऱ्यांच्या जाहिरातींना क्लिक जास्त मिळाले आणि कल्पनांत वैविध्यही जास्त आलं. कारण कळण्यासारखं आहे: एकच चित्र पुढे ठेवलं की टीका अंगाला लागते आणि माणूस त्याचीच डागडुजी करत राहतो. तीन ठेवली की तुलना होते.

तोहिदी आणि सहकारी, २००६. वापरणाऱ्यांनाही एकच डिझाइन दाखवलं तर ते गुण जास्त देतात आणि उणिवा कमी काढतात. तीन दाखवली तर जीभ सुटते. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून माणूस गोड बोलतो, हे आपल्याला माहीत असतंच. म्हणून सत्रात तीन पर्याय न्या, पण तिन्हींचा कच्चेपणा सारखा हवा. एक रंगीत, घासूनपुसून केलेला आणि दोन पेन्सिलचे असतील तर मांडणीची नव्हे, सफाईची तुलना होते. आणि क्रम माणसागणिक बदला, नाहीतर पहिल्या पर्यायावर शिकलेलं तिसऱ्याला फुकट मिळतं.

आता मोठे सिद्धांत. "विद्यापीठातच बरे" हे मला पटत नाही, पण त्यांच्याकडून आकडे मागू नयेत.

रिटेल आणि वेबर यांनी १९७३ मध्ये सांगितलं की काही प्रश्नांची व्याख्याच वादग्रस्त असते. ओळखायची खूण: तीन फेऱ्या झाल्या तरी ब्रीफ बदलतंय, आणि प्रत्येक चाचणीचा निकाल दोन्ही बाजू आपल्याच बाजूने वाचतायत. अशा वेळी आणखी चाचणी करणं म्हणजे नुसता खर्च. मंजुरीचा फॉर्म लांब असावा की आखूड, हा प्रश्न वरवर मांडणीचा. आत तो "चुकीचा अर्ज आत आला तर नुकसान कुणाचं" असा आहे, आणि ते वापरणाऱ्यांना विचारून सुटत नाही. ज्यांचं नुकसान होणार त्यांना एका खोलीत बसवावं लागतं.

त्या खोलीसाठीचं साधनही रिटेलचंच आहे. त्याने आणि कुन्झने १९७० मध्ये मांडलेल्या पद्धतीत तीनच गोष्टी लिहायच्या: प्रश्न, त्यावरच्या भूमिका, आणि प्रत्येक भूमिकेच्या बाजूचे व विरुद्धचे मुद्दे. फळ्यावर तीन रंगांच्या चिठ्ठ्या पुरतात. नियम एकच, कुठलाही मुद्दा कुठल्या तरी भूमिकेला जोडल्याशिवाय फळ्यावर जायचा नाही. "हिकचा नियम आहे" ही चिठ्ठी कुठे चिकटवायची ते सांगता आलं नाही की ती आपोआप गळते. तुमच्या चढ्या आवाजावर हा उतारा करून पाहा.

श्योनने (१९८३) वास्तुशास्त्राच्या स्टुडिओतलं गुरू-शिष्याचं रेखाटन बारकाईने तपासलं. त्यातली कामाची गोष्ट ही की कुशल माणूस प्रश्न सोडवण्याआधी तो कसा पाहायचा हे ठरवतो, आणि रेघ ओढल्यावर ती काय सांगते ते ऐकून चौकट बदलतो. म्हणून रिव्ह्यूला आणायच्या प्रत्येक रेखाटनावर वर एक ओळ सक्तीची करा: "मी हा प्रश्न अमुक म्हणून पाहिला." दोघांचे पडदे वेगळे दिसतात तेव्हा बहुधा ही ओळ वेगळी असते, आणि भांडण बटणाच्या जागेवरून चाललेलं असतं.

"डिझाइनमधून संशोधन", म्हणजे वस्तू घडवता घडवताच ज्ञान मिळवणं, ही फ्रेलिंगच्या १९९३ च्या वर्गीकरणातली एक वाट. झिमरमन, फोर्लिझी आणि इव्हेन्सन यांनी २००७ मध्ये ती इंटरॅक्शन डिझाइनसाठी मांडली. तुम्हाला त्यातून घेण्यासारखं एकच: टाकून दिलेले पर्याय टाकू नका. गेव्हर आणि बॉवर्स यांनी सुचवल्याप्रमाणे (२०१२) चित्रांच्या शेजारी छोटी टिपणं लिहून ती एकत्र ठेवा. दोन ओळी पुरेत, काय साधायचं होतं आणि का सोडलं. वर्षभराने टीमकडे स्वतःचं असं ज्ञान जमतं, जे कुठल्याच पेपरात नसतं.

अवांतर: ख्रिस्तोफर अलेक्झांडरने १९६४ मध्ये गरजांची गणिती फोड करून आकार काढायची पद्धत मांडली, आणि पुढे काही वर्षांतच "डिझाइनची पद्धत" हा वेगळा अभ्यासविषय असावा, या कल्पनेलाच त्याने रामराम ठोकला. पद्धतीच्या प्रेमात पडलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

---

ओळंबा:

सगळं बरोबर, पण एक धोका सांगतो. हा धागा वाचून कुणीतरी उद्या चाळीस मुद्द्यांची चेकलिस्ट बनवेल आणि टीमच्या गळ्यात बांधेल. स्टोल्टरमनने २००८ मध्ये नेमकं यावर लिहिलं आहे: डिझाइनच्या कामाची स्वतःची शिस्त असते, विज्ञानाच्या शिस्तीपेक्षा वेगळी, आणि डिझायनरांना पावलापावलाला हात धरून नेणारी पद्धत रुचत नाही, प्रसंग आल्यावर नीट वागता यावं अशी तयारी करून देणारं साधन त्यांना लागतं. कॉन्ट्रास्टसारख्या (मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाच्या गुणोत्तरासारख्या) गोष्टी यादीत टाका आणि शक्य तिथे यंत्राकडून तपासून घ्या: साध्या मजकुराला ४.५:१, मोठ्या मजकुराला आणि बटणांच्या कडा-आयकॉन यांना ३:१. तिथे चर्चेला जागाच नाही. बाकीचं यादीत कोंबू नका.

आणि अफॉर्डन्स हा शब्द रिव्ह्यूत जपून वापरा. गिब्सनच्या अर्थाने ती वस्तूची शक्यता आहे, नॉर्मनने पुढे वेगळा काढलेला सिग्निफायर ही त्या शक्यतेची खूण. ओळ डावीकडे सरकवता येते पण कुणी सरकवत नाही, तर खूण हवी. सरकवतच येत नाही, तर काम डेव्हलपरकडे. दोन्हीला एकच नाव दिलं की चुकीच्या माणसाच्या पदरात काम पडतं.

---

कच्चा_आराखडा:

सगळ्यांचे आभार, चिठ्ठ्यांची पद्धत याच फेऱ्यात लावतो. दोन उपप्रश्न. एक, दोन पेपर एकमेकांच्या उलट सांगत असतील तर कुणाचं ऐकायचं? दोन, ही सगळी कारणं लिहून कुठे ठेवायची? सहा महिन्यांनी नवीन माणूस येतो आणि तोच वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

---

मोजपट्टी:

पहिल्याला सगळ्यात चांगलं उदाहरण "जास्त पर्याय दिले की लोक निवडतच नाहीत" याचं. आयेंगार आणि लेपर, २०००: दुकानात जॅमचे २४ प्रकार मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३% लोकांनी विकत घेतला, ६ मांडले तेव्हा ३०% लोकांनी. हा आकडा जगभर फिरला. मग २०१० मध्ये शाइबेहेने, ग्रायफेनेडर आणि टॉड यांनी ५० प्रयोग एकत्र केले, तर सरासरी परिणाम शून्याच्या जवळ. खोटं कोण? कुणीच नाही. २०१५ मध्ये चेर्नेव्ह, ब्योकेनहोल्ट आणि गुडमन यांनी परिणाम कधी होतो त्याच्या चार अटी वेगळ्या काढल्या: पर्यायांची रचना किती गुंतागुंतीची, निवडण्याचं काम किती अवघड, आपल्याला काय हवंय हे माणसाला किती माहीत, आणि तो निवडायला आलाय की नुसता बघायला.

म्हणजे तुमच्या पडद्यापुरता प्रश्न "किती पर्याय" हा राहत नाही. ज्याला काय हवंय ते माहीत आहे त्याला २०० पर्याय चालतात, शोध आणि क्रम नीट लावला की झालं. ज्याला माहीत नाही त्याला सहासुद्धा जड जातात, त्याला तुलनेचा तक्ता आणि एक ठळक शिफारस द्यावी लागते. पेपर भांडताना दिसले की सरासरी काढू नका किंवा नवा तो खरा असंही धरू नका. दोघांच्या चार ओळी शेजारी लिहा, फरक बहुधा अटीत सापडतो. अनेक प्रयोग एकत्र करणारा अभ्यास असेल तर त्यातला अटींचा तक्ता आधी वाचा, सरासरी नंतर.

नोंदीसाठी वेगळं सॉफ्टवेअर नको. डिझाइनच्या फाइलमध्ये, त्या पडद्याच्या शेजारीच, सहा ओळींची चौकट ठेवा. वेगळ्या दस्तऐवजात गेलेली नोंद कुणी उघडत नाही. नमुना:

प्रश्न: अर्ज एका लांब पानावर की चार टप्प्यांत?
निर्णय: चार टप्पे, प्रत्येक टप्प्यावर आधीच्या उत्तरांचा सारांश.
आधार: पुढचे रकाने पहिल्या उत्तरावर अवलंबून आहेत, आकडे डोक्यात धरून न्यावे लागू नयेत म्हणून सारांश.
अट: पहिल्यांदाच भरणारा अर्जदार. रोज ३० अर्ज भरणाऱ्या कर्मचाऱ्याला लागू नाही.
कधी खोटं ठरेल: पाच जणांच्या चाचणीत दोघे मागच्या टप्प्यावर काही पाहायला परत गेले तर.
सोडलेला पर्याय: लांब पान, घडी होणारे विभाग. बंद विभागातल्या चुका दिसत नव्हत्या.

चौथी आणि पाचवी ओळ लोक टाळतात, कारण त्या लिहायला सगळ्यात जड. त्या रिकाम्या असतील तर रिव्ह्यू घेऊ नका. आणि "आधार" मध्ये तीन प्रकार वेगळे दिसू द्या: बाहेरचं संशोधन, आपली चाचणी, आणि अंदाज. अंदाज असेल तर सरळ "अंदाज" लिहा, त्यात कमीपणा नाही. उलट पुढच्या फेऱ्यात काय तपासायचं याची यादी तिथूनच मिळते.

---

निरीक्षण_वही:

यात एक भर. पाचव्या ओळीतला आकडा चाचणीच्या आधी लिहा आणि फाइलच्या इतिहासात तारीख राहू द्या. चाचणीनंतर लिहिला तर "दोघेच तर परत गेले, चालायचंच" असं होतं. आणि कर्मचाऱ्याच्या बाजूची चौकट वेगळी करा, त्यांच्यासाठी नव्याने पाच जण शोधावे लागतील. अर्जदारांच्या सत्रांतून त्यांच्याबद्दल काहीच कळणार नाही.